२२ माणसांच्या मशीनशॉपसाठी आयएसओ ९००१ : खरे प्रमाणपत्र कसे मिळवावे?

शिरोलीकर | ११ मार्च २०२४

नमस्कार.

कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचे मशीनशॉप आहे. परिसरातल्या फाउंड्र्यांमधून येणाऱ्या पंपाच्या कास्टिंगचे मशीनिंग आम्ही करतो. तीन सीएनसी (संगणकनियंत्रित) लेथ, दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची संगणकनियंत्रित मशीन), एक रेडियल ड्रिल आणि दोन पाळ्यांत मिळून २२ माणसे, एवढा आमचा पसारा आहे. वडिलांनी एका जुन्या लेथवर काम सुरू केले तेव्हापासून आजवर कोणत्याही ग्राहकाने आमच्याकडे कागद मागितला नव्हता. माल मापात उतरला की तेवढे पुरत असे. गेल्या महिन्यात मात्र आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाचे पत्र आले. डिसेंबरअखेर आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापन पद्धतीचे आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणपत्र सादर न करणाऱ्या पुरवठादारांना नवी ऑर्डर मिळणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आमचे निम्म्याहून अधिक काम या एका ग्राहकाचे असल्यामुळे हे पत्र बाजूला ठेवणे शक्य नाही.

सध्या माझ्या टेबलावर दोन दरपत्रके आहेत. पहिल्या संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे १५ दिवसांत प्रमाणपत्र हातात मिळेल, सर्व फाइली तेच तयार करून देतील आणि शॉपवर कोणी येण्याची गरज नाही. दुसरी संस्था दोन टप्प्यांत मिळून तीन दिवसांचे ऑडिट करणार आहे, पुढची दोन वर्षे दरवर्षी एक दिवस पुन्हा येणार आहे, आणि त्याआधी आमची पद्धत काही महिने प्रत्यक्ष चाललेली असावी अशी तिची अपेक्षा आहे. तिचा खर्च पहिलीच्या जवळजवळ पाचपट आहे. दोन्ही प्रमाणपत्रांवर 'आयएसओ ९००१:२०१५' हेच छापलेले असेल, तर फरक नेमका कशात आहे? दुसरी शंका अशी की आमचे बहुतेक ऑपरेटर दहावी किंवा आयटीआयपर्यंत शिकलेले आहेत. त्यांच्याकडून एवढी लिखापढी होईल का? अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सातपूरकर | ११ मार्च २०२४

शिरोलीकर, आपण पैसे भरण्याआधी विचारलेत हे बरे झाले. मी नाशिकच्या सातपूर वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळतो आणि पुरवठादारांची ऑडिट करण्याचे कामही माझ्याकडे आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

जिनिव्हाची आयएसओ ही संघटना मानके तयार करते, प्रमाणपत्रे देत नाही. प्रमाणपत्र देतात त्या स्वतंत्र प्रमाणन संस्था. या संस्था आपले काम नीट करतात की नाही हे पाहणारी आणखी वरची पायरी असते, तिला मान्यता देणारी संस्था म्हणतात. भारतात हे काम भारतीय गुणवत्ता परिषदेअंतर्गत असलेले एनएबीसीबी हे मंडळ करते, ब्रिटनमध्ये यूकेएएस करते, आणि अशा संस्था आयएएफ या आंतरराष्ट्रीय मंचाच्या करारान्वये एकमेकींची मान्यता ग्राह्य धरतात. आपल्या दोन दरपत्रकांतला फरक इथे आहे. प्रमाणपत्रावर मानकाचे नाव कोणीही छापू शकतो. त्यामागे मान्यता आहे का, आणि ती आपल्या उद्योगक्षेत्रासाठी आहे का, हे तपासावे लागते. एनएबीसीबीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, आणि आयएएफच्या सर्टसर्च या नोंदणीत कंपनीच्या नावाने प्रमाणपत्राचा शोध घेता येतो. आपल्या ग्राहकाचा खरेदी विभाग नेमके तेच करील.

आता दिवसांचा हिशोब पाहू. ऑडिटला किती दिवस द्यायचे हे प्रमाणन संस्था मनाला येईल तसे ठरवू शकत नाही. त्यासाठी आयएएफने माणसांच्या संख्येनुसार तक्ता दिलेला आहे. १६ ते २५ माणसांसाठी पहिल्या प्रमाणनाचे दोन्ही टप्पे मिळून तीन दिवस, २६ ते ४५ माणसांसाठी चार दिवस, असा तो चढत जातो. काम सोपे किंवा एकसुरी असल्याचे कारण देऊन त्यात कपात करता येते, पण ती ३० टक्क्यांपलीकडे नेता येत नाही. पुढच्या वार्षिक तपासणीला साधारण एक-तृतीयांश आणि तीन वर्षांनंतरच्या पुनर्प्रमाणनाला दोन-तृतीयांश वेळ धरतात. दुसऱ्या संस्थेने आपल्याला सांगितलेले तीन दिवस आणि एक दिवस या तक्त्याशी तंतोतंत जुळतात. पहिली संस्था शॉपवर येणारच नाही म्हणते, म्हणजे ती या व्यवस्थेच्या बाहेर आहे.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. जी संस्था ऑडिट करते, तिनेच तुमची पद्धत बसवून द्यायची आणि फाइली लिहून द्यायच्या, याला प्रमाणन संस्थांसाठीच्या मानकात स्पष्ट मनाई आहे. सल्लागार घ्यायचा असेल तर तो वेगळा असला पाहिजे. एकाच दरपत्रकात दोन्ही कामे दिसली की ते दरपत्रक तिथेच बाजूला ठेवावे.

वाळूज_फॅब्रिकेशन | १२ मार्च २०२४

सातपूरकरांनी लिहिलेले मी अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही असेच स्वस्तातले प्रमाणपत्र घेतले होते. कोणी आले नाही, कोणी काही विचारले नाही. कुरिअरने एक चकचकीत कागद आला आणि आम्ही तो चौकटीत बसवून कार्यालयात लावला. पुढे एका निविदेत तो जोडला, तेव्हा छाननीत मान्यता देणाऱ्या संस्थेचे नाव विचारले गेले. ज्या नावाची मुद्रा कागदावर होती, ती संस्था कोणत्याच अधिकृत यादीत सापडली नाही आणि आमची निविदा उघडण्यापूर्वीच बाद झाली. भरलेल्या पैशांपेक्षा त्या खरेदी अधिकाऱ्यांपुढे उभे राहताना जे वाटले, ते अधिक लागले, कारण काम आम्ही खरोखर चांगले करत होतो. नंतर रीतसर मार्गाने प्रमाणपत्र घेतले, पण त्या कार्यालयात पुन्हा दार उघडायला दोन वर्षे लागली.

शिरोलीकर | १४ मार्च २०२४

आपल्या दोघांचे मनापासून आभार. पहिल्या संस्थेला नकार कळवला आहे.

पुढची अडचण अशी आहे. एका परिचितांनी त्यांच्या कारखान्याचे 'क्वालिटी मॅन्युअल' नमुना म्हणून दिले. ते १४० पानांचे आहे आणि त्यात संरचना (डिझाइन) व विकास, संशोधन विभाग, व्यवस्थापन प्रतिनिधीची नेमणूक अशी प्रकरणे आहेत. आम्ही तर ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे मशीनिंग करून देतो. हे सर्व लिहिणे आवश्यक आहे का?

सातपूरकर | १४ मार्च २०२४

नाही. ते मॅन्युअल बहुधा २००८ च्या आवृत्तीवरून पुढे चालत आलेले असावे. हे मानक १९८७ मध्ये प्रथम आले आणि १९९४, २०००, २००८ व २०१५ अशा चार वेळा बदलले. २००८ पर्यंत मॅन्युअल आणि सहा लेखी कार्यपद्धती बंधनकारक होत्या, व्यवस्थापन प्रतिनिधी नेमावा लागे. २०१५ च्या आवृत्तीने या तिन्ही अटी काढल्या. आता जबाबदारी थेट मालकावर येते, ती एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या नावे लिहून मोकळे होता येत नाही. आपल्यासारख्या शॉपमध्ये हा बदल हिताचाच आहे, कारण मालक दिवसभर मशीनपाशीच असतो.

लेखी स्वरूपात मात्र काही गोष्टी लागतातच : आपल्या कामाची व्याप्ती, गुणवत्ता धोरण, मोजता येतील अशी उद्दिष्टे, आणि मानकात ठिकठिकाणी मागितलेल्या नोंदी. संरचनेचे कलम आपल्याला लागू नसेल, तर व्याप्तीच्या कागदातच कारणासह तसे लिहा : भागाचे ड्रॉइंग व मापे ग्राहक देतो, आम्ही त्यात बदल करत नाही. व्याप्तीचे वाक्य स्वतः विचार करून लिहा, कारण तेच प्रमाणपत्रावर छापले जाते. 'ग्राहकाच्या ड्रॉइंगनुसार पंपाच्या कास्टिंगचे मशीनिंग' हे साधे वाक्य खरे आहे आणि पुरेसे आहे.

दुसऱ्याचे मॅन्युअल उतरवून घेण्यात एक मोठा धोका असतो. ऑडिटर तुम्हाला तुमच्याच लिहिण्याशी बांधून ठेवतो. दर दोन तासांनी मोजमाप घेतो असे लिहिले आणि प्रत्यक्षात पाळीत दोनदा घेतले, तर चूक निघते. पाळीत दोनदा असे लिहिले असते आणि त्या जॉबला तेवढे पुरत असते, तर काहीच निघाले नसते.

मापनशाळा | १६ मार्च २०२४

धाग्यात मोजमापाचा विषय निघालाच आहे तर थोडे लिहितो, कारण लहान मशीनशॉपमधल्या त्रुटी बहुतांशी मापनसाधनांच्या कपाटातून निघतात. मी एका कॅलिब्रेशन (मापनसाधनांची अचूकता तपासणाऱ्या) प्रयोगशाळेत काम करतो.

शॉपमधली सर्व मापनसाधने एकदा टेबलावर काढा. ड्रॉवरमधली, ऑपरेटरच्या पेटीतली, सेटरने (मशीन जुळवून देणाऱ्याने) स्वतःच्या पैशांनी घेतलेली, कोणतीही सोडू नका. प्रत्येकावर क्रमांक टाका आणि ज्यावरून माल स्वीकारला जातो ती साधने कॅलिब्रेशनला पाठवा. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घेतले, की राष्ट्रीय मानकापर्यंतची साखळी आपोआप सिद्ध होते. पण प्रमाणपत्र आले की लोक ते फाइलमध्ये लावून टाकतात आणि वाचत नाहीत. त्यातली चूक किती आणि अनिश्चितता किती, हे आकडे आपल्या जॉबच्या टॉलरन्सशेजारी (मापात चालणाऱ्या फरकाशेजारी) ठेवून पाहिले पाहिजेत.

आपण पंपाचे हाउसिंग करता, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. ६२०६ बेअरिंगचा बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटर असतो. ते ज्यात बसते त्या बोअरला (भोकाला) एच ७ ही टॉलरन्सची श्रेणी दिली असेल, तर शून्य ते अधिक ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एवढीच जागा मिळते. कमीत कमी ०.०२ मिलिमीटर दाखवणाऱ्या व्हर्नियरने हा बोअर तपासणे म्हणजे न तपासण्यासारखेच आहे. बोअर गेज (भोकाचा व्यास मोजण्याचे साधन) हवे, आणि ते ज्या ठरावीक मापाच्या रिंगवर सेट करता ती रिंगही कॅलिब्रेट केलेली हवी. तापमानाचाही विचार करा. मशीनवरून उतरलेले बिडाचे कास्टिंग ४० अंशांवर असेल आणि रिंग २५ अंशांवर, तर ६२ मिलिमीटरच्या बोअरमध्ये सुमारे १० मायक्रॉनचा फरक त्या उष्णतेनेच पडतो. म्हणजे टॉलरन्सचा तिसरा हिस्सा गेला. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली दुपारी घेतलेले माप आणि रात्रपाळीचे माप का जुळत नाही, याचे कारण अनेकदा हेच असते. जॉब थोडा वेळ बाजूला ठेवून मोजावा, एवढ्याने पुष्कळ काम होते.

मानकात एक अट अशी आहे की एखादे साधन चुकीचे निघाले, तर त्या साधनाने आधी मोजलेल्या मालावर काय परिणाम झाला हेही पाहावे लागते. त्यासाठी कोणत्या लॉटला कोणते गेज वापरले याची नोंद हवी. जॉब कार्डावर गेजचा क्रमांक लिहिण्याचा एक रकाना वाढवा. अशी वेळ आली तर तोच रकाना तुम्हाला वाचवील.

भोसरी_क्यूए | १७ मार्च २०२४

शिरोलीकर, ऑपरेटर लिहितील का, या आपल्या शंकेचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. मी भोसरीतल्या एका शॉपमध्ये गुणवत्ता पाहते आणि हा बदल मी जवळून पाहिला आहे. ऑपरेटर लिहितात, मात्र तीन अटींवर. तक्ता मराठीत असावा, तो मशीनवरच टांगलेला असावा, आणि लिहिलेले कोणीतरी त्याच दिवशी वाचावे. आम्ही पहिल्यांदा संगणकावरून काढलेले इंग्रजी तक्ते वाटले, तेव्हा महिनाभर ते कोरेच परत आले. मग जुन्या ऑपरेटरांना बसवून विचारले, की तुम्ही पहिला पीस काढल्यावर मनात काय काय पाहता? त्यांनी जे सांगितले, त्याच क्रमाने रकाने आखले. त्यानंतर कोणालाही शिकवावे लागले नाही.

मागाहून बसून नोंदी भरण्याचा मोह कृपया टाळा. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात भरलेले तीन महिन्यांचे तक्ते अनुभवी ऑडिटर पहिल्या पाच मिनिटांत ओळखतो. आम्हाला एकदा साप्ताहिक सुट्टीच्या तारखेची नोंद दाखवून विचारले होते, की या दिवशी मशीन चालू होते का? खरी नोंद तेलकट बोटांची असते, मध्येच खाडाखोड असते, एखाद्या दिवशी माप बाहेर गेल्याचेही त्यात लिहिलेले असते. तीन महिन्यांत एकही पीस रिजेक्ट नाही असे दाखवणारा तक्ता कोणालाही पटत नाही.

माप बाहेर गेले की काय केले, हा मानकाचा गाभा आहे असे मी मानते. रिजेक्ट पीस लाल डब्यात गेला, त्यावर चिठ्ठी लागली, इथवर बहुतेक ठिकाणी होते. पुढचा प्रश्न कारणाचा असतो, आणि त्या रकान्यात सर्रास 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा, समज दिली' असे लिहिले जाते. हे उत्तर मला फार अन्यायाचे वाटते. आमच्याकडे एका बोअरचे माप दर काही दिवसांनी कमी निघत होते आणि प्रत्येक वेळी त्याच माणसाचे नाव लिहिले जात होते. शेवटी जॉब कार्डे काढून पाहिली, तेव्हा असे दिसले की इन्सर्ट (कापणारे बदलते पाते) किती पिसांनंतर बदलायचा हे कुठेच ठरलेले नव्हते आणि स्टोअरमधून नवा इन्सर्ट मागितला की 'आधीचा एवढ्यात कसा संपला' असे विचारले जात असे. त्यामुळे तो बिचारा झिजलेल्या इन्सर्टवर ओढत होता. इन्सर्टचे आयुष्य ठरवून दिले, स्टोअरला तशी सूचना दिली, आणि ती तक्रार पुन्हा आली नाही.

इचलकरंजी_पार्ट्स | १८ मार्च २०२४

चर्चा उत्तम आहे, तरी एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. रीतसर प्रमाणपत्र असलेल्या शॉपमधून खराब माल आलेला मी पाहिला आहे आणि प्रमाणपत्र नसलेले कारागीर डोळे मिटून भरवसा ठेवावा असे काम करताना पाहिले आहेत. मग या सर्व खटाटोपाचा उपयोग ग्राहकाच्या फाइलपलीकडे काय?

भोसरी_क्यूए | १८ मार्च २०२४

आपली शंका रास्त आहे. हे प्रमाणपत्र मालाचे नसते, काम करण्याच्या पद्धतीचे असते, आणि पद्धत असूनही माल बिघडू शकतो. आपण म्हणता त्या कारागिराचे ज्ञान त्याच्या हातात आहे. तो आजारी पडला, निवृत्त झाला किंवा दुसरीकडे गेला, की शॉपमध्ये ते ज्ञान उरत नाही. २०१५ च्या आवृत्तीत 'संघटनेचे ज्ञान' असे एक वेगळे कलम याच कारणासाठी घातले आहे. आमचे सर्वांत जुने सेटर निवृत्त झाले, त्याआधी चार महिने त्यांच्याकडून प्रत्येक फिक्स्चरच्या (जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनाच्या) सेटिंगची वही लिहून घेतली होती. ती वही आजही रोज उघडली जाते.

शिरोलीकर | २४ नोव्हेंबर २०२४

बऱ्याच महिन्यांनी लिहीत आहे. ऑक्टोबरमध्ये आमचे दुसऱ्या टप्प्याचे ऑडिट झाले आणि गेल्या आठवड्यात प्रमाणपत्र मिळाले. पुढच्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून काय घडले ते लिहितो.

एप्रिलमध्ये गेजचे टेबल मांडले, तेव्हा ३१ साधने निघाली. त्यांपैकी चार मायक्रोमीटर वापरण्याजोगे नव्हते आणि त्यांतला एक आम्ही रोज वापरत होतो. मापनशाळा यांनी सांगितल्याप्रमाणे जॉब कार्डावर गेज क्रमांकाचा रकाना वाढवला. मराठी तक्ते दोन ज्येष्ठ ऑपरेटरांनीच आखून दिले. अंतर्गत ऑडिट करताना स्वतःचे काम स्वतः तपासायचे नसते, म्हणून स्टोअर सांभाळणाऱ्या ताईंनी मशीन विभाग तपासला आणि आमच्या सेटरने स्टोअर व खरेदी तपासली. ताईंना मशीनमधले फारसे कळत नाही, अशी मला काळजी होती. त्यांनी विचारलेला पहिलाच प्रश्न असा होता, की भिंतीवर लावलेले ड्रॉइंग जुन्या सुधारणेचे आहे, मग माल कोणत्या ड्रॉइंगने चालला आहे? तो कागद मी दोन वर्षे रोज पाहत होतो.

पहिल्या टप्प्यात ऑडिटरने कागदपत्रे आणि तयारी पाहिली. फेब्रुवारीत मानकाला हवामानबदलाविषयी एक छोटी पुस्ती जोडली गेली आहे. तिला धरून त्यांनी विचारले, की हा मुद्दा तुमच्या व्यवसायाला लागू पडतो का, याचा विचार केला आहे का? यासाठी आम्हाला काही बनवून लिहावे लागले नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले होते आणि शिरोलीजवळ वाहतूक बंद पडली होती. तयार माल असूनही तो पाठवता आला नव्हता. गेज वरच्या मजल्यावर हलवणे, आणि जुलैपूर्वी ग्राहकाकडे काही दिवसांचा जादा साठा पोहोचवणे, हे दोन उपाय आम्ही जोखमीच्या कागदात लिहिले आणि यंदा अमलातही आणले.

दुसऱ्या टप्प्यात दोन किरकोळ त्रुटी निघाल्या. बोअर गेजची एक सेटिंग रिंग यादीत नव्हती. दुसरी त्रुटी अधिक महत्त्वाची होती. आमच्याकडे येणारे कास्टिंग ही ग्राहकाची मालमत्ता असते, आणि मशीनिंग करताना आत ब्लो होल (ओतकामात वायूमुळे राहिलेली पोकळी) निघाले तर ते ग्राहकाला कळवून तशी नोंद ठेवणे मानकानुसार आवश्यक आहे. आम्ही फोनवर सांगत होतो, नोंद ठेवत नव्हतो. आता प्रत्येक ब्लो होलचा फोटो, हीट क्रमांक (धातूच्या वितळीचा क्रमांक) आणि तारीख लिहून पाठवतो. याचा एक लाभ अपेक्षेबाहेरचा झाला. पूर्वी असा पीस कोणाच्या खात्यावर टाकायचा यावरून दर महिन्याच्या हिशोबाला वाद होत असे. या दोन महिन्यांत तो झाला नाही, आणि फाउंड्रीने त्या नोंदी पाहून एका पॅटर्नच्या (साच्याच्या नमुन्याच्या) रायझरची, म्हणजे जादा धातू पुरवणाऱ्या पोकळीची, जागा बदलली.

शेवटी एक प्रश्न विचारतो. माल पाठवायच्या लाकडी पेट्यांवर 'आयएसओ ९००१ प्रमाणित' असे छापण्यासाठी स्टेन्सिल करायला टाकले आहे. सोबत प्रमाणन संस्थेची मुद्रा वापरता येईल ना?

सातपूरकर | २४ नोव्हेंबर २०२४

शिरोलीकर, आपले आणि आपल्या सर्व सहकाऱ्यांचे मनःपूर्वक अभिनंदन.

स्टेन्सिलचे काम मात्र आजच थांबवा. प्रमाणन संस्थेची मुद्रा मालावर किंवा त्याच्या पेटीवर वापरता येत नाही, कारण त्यामुळे आतला मालच प्रमाणित आहे असा समज होतो. आयएसओ संघटनेचे बोधचिन्ह तर कोणत्याही प्रमाणपत्रधारकाला वापरता येत नाही. पेटीवर लिहायचेच असेल, तर पूर्ण वाक्य लिहावे लागेल : आपल्या कंपनीचे नाव, तिची गुणवत्ता व्यवस्थापन पद्धती आयएसओ ९००१:२०१५ नुसार प्रमाणित आहे ही माहिती, आणि प्रमाणन संस्थेचे नाव. पत्रशीर्षावर मुद्रा चालते, पण तिचा आकार आणि रंग याविषयी संस्थेने प्रमाणपत्रासोबत नियमपत्र दिले असेल, ते आधी पाहा. वार्षिक तपासणीत हा मुद्दा तपासला जातो, आणि आपली पहिली तपासणी प्रमाणनाचा निर्णय झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत व्हायला हवी.

शिरोलीकर | २५ नोव्हेंबर २०२४

स्टेन्सिल कापायच्या आधी थांबवले. पूर्ण वाक्य पेटीच्या फळीवर मावत नाही, त्यामुळे पेटीवर पूर्वीप्रमाणे भाग क्रमांक, नग आणि हीट क्रमांक एवढेच राहील.